शाल-नारळ नको, हिशेब द्या

दर १५ ऑगस्टला आमच्या तालुक्याच्या गावी झेंडावंदन झालं की वीरपत्नींचा सत्कार असतो. माझी वहिनी गेली कित्येक वर्षं त्या रांगेत बसते. डोक्यावर पदर, मांडीवर शाल आणि नारळ. वक्ते तिच्याकडे हात करून त्याग, बलिदान, मातृभूमी असं बरंच काही बोलतात. तिला बोलायला मात्र आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मग नोव्हेंबर येतो. वहिनी पेन्शनच्या खिडकीसमोर उभी असते. तिथे वर्षानुवर्षं तिने दोन दाखले दिले. एक, आपण हयात असल्याचा. दुसरा, आपण पुन्हा लग्न केलेलं नसल्याचा. ती तिशीत असताना एकदा खिडकीपलीकडच्या माणसाने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "खरंच नाही ना केलं, बाई? नंतर कळलं तर वसुली निघंल." मागे दोन-चार जण हसले. वहिनी मान खाली घालून सही करून आली. घरी आल्यावर मला म्हणाली, "वन्सं, ऑगस्टात पाया पडत्यात आन् नोव्हेंबरात इचारत्यात, नीट ऱ्हायलीस न्हवं?"

मैत्रिणींनो, वहिनीच्या परवानगीने हे लिहिते आहे. तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पण तिच्या या एका वाक्यात लष्कर, समाज आणि बाई यांचं जे नातं आहे ते मला कुठल्याच पुस्तकात इतकं स्वच्छ भेटलेलं नाही.

मी फौजीची मुलगी. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. इथे मुलगा दहावी झाला की भरतीच्या मैदानावर पळायला लागतो. जवळच अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. या परंपरेचा अभिमान आम्हाला लहानपणापासून शिकवला जातो. पण तो शिकवताना जिरायत जमीन, भावाभावांत झालेल्या वाटण्या, पावसाने दगा दिला की कोरडी पडणारी विहीर या गोष्टी कुणी सांगत नाही. देशप्रेम होतं आणि आहे, ते मी नाकारत नाही. पण आमच्याकडे फौज ही आधी नोकरी आहे. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी, म्हातारपणी पेन्शन देणारी नोकरी. ही गोष्ट मोकळेपणाने म्हटली की लोकांना राग येतो. गिरणी कामगाराला कामगार म्हणता येतं, शिक्षिकेला नोकरदार म्हणता येतं. जवानाला मात्र देवच म्हणावं लागतं. आणि एकदा देव म्हटलं की त्याच्या कामाच्या अटी, पगार, मन, घर यांबद्दल बोलायची सोय उरत नाही.

आमच्या घरात 'सिव्हिलियन' ही शिवी होती. आबा सुट्टीवर आले आणि भावाला उठायला उशीर झाला, की "काय सिव्हिलियनसारखा लोळतोस?" म्हणून ओरडायचे. सिव्हिलियन म्हणजे ढिला, बेशिस्त, सांगून न ऐकणारा. आई हे सगळं चुलीपाशी बसून ऐकायची. या हिशेबाने तीही सिव्हिलियनच. पण आबा वर्षातून दोन-अडीच महिने घरी. उरलेले साडेनऊ-दहा महिने शेत, दोन म्हशी, आजीचा दमा, आजोबांचं मोतीबिंदू, आमच्या शाळा, नणंदेचं बाळंतपण हे सगळं आई एकटी ओढत होती. आबांना सीमेवर निश्चिंत उभं राहता येत होतं, कारण घराच्या सीमेवर आई उभी होती. लष्कराच्या कागदावर मात्र ती 'अवलंबून असलेली व्यक्ती'. कोण कुणावर अवलंबून होतं? सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, मनीऑर्डर यायची ती सासऱ्याच्या नावावर. आबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना मेडल, सर्टिफिकेट आणि पेन्शन मिळालं. आईलाही तोवर गुडघेदुखी मिळाली होती.

लष्कर हे वेगळं जग आहे, तिथलं सिव्हिलियनना कळत नाही, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. आमच्या गावातून पाहिलं तर हे खरं वाटत नाही. ज्या फौजेच्या जवानाचं घर, शेत, म्हातारी माणसं आणि पोरं बायका बिनपगारी सांभाळतात, ती फौज अर्धी आमच्या गावातच उभी आहे. फक्त या अर्ध्या फौजेची हजेरी कुठे लागत नाही.

आता वहिनीची गोष्ट सांगते. माझा चुलतभाऊ १९९७ साली काश्मीरमध्ये गेला. वहिनी तेव्हा बावीस वर्षांची, मुलगी जेमतेम वर्षाची. दादाला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. दिल्लीहून पत्र आलं, गावात बोर्ड लागले. वर्ष सरायच्या आत घरात बैठक बसली आणि ठरलं की धाकट्या दिराशी तिचा पाट लावायचा. दीर होता एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. तिला तो धाकट्या भावासारखा. तोही बिचारा रडत होता. पण वडीलधारी म्हणाली, "घरातला पैसा घरात ऱ्हाईल." आणि कुणीतरी चौकशी करून आलं होतं, की दिराशी केलं तर सगळं चालू राहतं, बाहेर केलं तर बंद होतं.

मला वाटलं, हे गावगप्पांतलं असणार. सरकार असं कसं लिहील? पण सरकारने खरोखरच तसं लिहिलं होतं. ३१ जानेवारी १९९५ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रानुसार शौर्यपदकाबरोबरचा भत्ता विधवेला तिचा मृत्यू किंवा पुनर्विवाह होईपर्यंत मिळणार होता. पुनर्विवाह केला की बंद. अपवाद एकच. तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केलं आणि घरातल्या वारसांबरोबर एकत्र राहिली, तर भत्ता चालू. विशेष कुटुंबपेन्शनच्या जुन्या नियमांतही दिराची हीच सवलत होती.

म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ या. विधवेचं दिराशी लग्न लावायची चाल उत्तरेत 'करेवा' म्हणून पूर्वीपासून आहे. जमीन आणि बाई दोन्ही घराबाहेर जाऊ नयेत, हा तिचा हेतू. आधुनिक, शिस्तबद्ध, जातपात न मानणारी म्हणून जिचं कौतुक होतं, त्या संस्थेच्या मंत्रालयाने ही चाल सरकारी कागदावर आणली आणि तिला भत्त्याचं बक्षीस लावलं. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर मदतीच्या रकमा वाढल्या, तेव्हा घराघरांत सासू-सासरे आणि तरुण सुना यांच्यात कशा ओढाताणी झाल्या, दिराशी लग्न करण्यासाठी मुलींवर कसे दबाव आले, हे वर्तमानपत्रांतून छापून येतच होतं. बोलताना सगळे सासरच्यांच्या हावेबद्दल बोलले. हाव होतीच. पण त्या हावेला सरकारी आधार होता, हे कुणी बोललं नाही.

वहिनीने दिराशी लग्न करायला नकार दिला. शेजारच्या गावातले एक शिक्षक तिच्याशी लग्न करायला तयार होते. तिलाही ते मनातून आवडले होते. पण भत्ता जाईल, पेन्शनचं काय होईल ठाऊक नाही, मुलगी सासरचे ठेवून घेतील. तिने हिशेब केला आणि गप्प बसली. ही अट संरक्षण मंत्रालयाने १६ नोव्हेंबर २०१७ रोजी काढून टाकली. आता पुनर्विवाह कुणाशीही केला, तरी भत्ता तिच्या मरणापर्यंत मिळतो. मी धावत जाऊन तिला ही बातमी सांगितली. ती बेचाळीस वर्षांची होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं झालं बाई, कुणा तरी दुसरीला उपेगी पडंल." ते शिक्षक तोवर आजोबा झाले होते.

बायको ही नवऱ्याची चीजवस्तू, ही समजूत फक्त एका भत्त्याच्या नियमात नाही. लष्करात एखाद्या अधिकाऱ्याचे दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध आले, तर जो आरोप ठेवण्याची प्रथा आहे त्याची भाषा आहे 'सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरणं'. प्रेम चोरणं! जणू ते त्याच्या किटमध्ये मोजून दिलेलं ब्लँकेट. ते दुसऱ्याने नेलं तर चोरीची फिर्याद. त्या बाईचं स्वतःचं काही मन असेल, ही शक्यताच त्या वाक्यात नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम घटनाबाह्य ठरवलं, कारण ते बाईला नवऱ्याची मालमत्ता मानत होतं. त्यावर संरक्षण मंत्रालय न्यायालयात गेलं. ३१ जानेवारी २०२३ रोजी खुलासा झाला, की त्या निकालाचा सैन्यदलांच्या कायद्यांखालील कारवाईशी संबंध नाही. शिस्तीसाठी नियम हवेत, हे मान्य. पण ते विश्वासघाताच्या भाषेत लिहिता येतात, चोरीच्या भाषेत कशाला?

आता आपल्या रोजच्या कामातलं बोलते. आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली. नवरा फौजेत. तिला माहेरी सोडून दोन वर्षं झालेली, पैसे बंद. कोर्टाने पोटगी मंजूर केली. आम्ही पेढे वाटले. मग कळलं, की आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २८ प्रमाणे जवानाचा पगार दिवाणी किंवा महसुली न्यायालयाच्या हुकमाने जप्त करता येत नाही. वकील कलमांचा कीस पाडत बसले आणि तिची पोरगी शेजारणीच्या दुधावर वाढली. त्याच कायद्यात कलम ९० आणि ९१ आहेत. पहिलं अधिकाऱ्यांसाठी, दुसरं इतरांसाठी. त्यांच्याखाली बायकोच्या आणि मुलांच्या, अगदी लग्नाबाहेरच्या मुलांच्याही, पोटगीसाठी पगारातून कपात करता येते. पण तो हुकूम लष्करातल्या ठरवलेल्या अधिकाऱ्याने द्यायचा. म्हणजे अर्ज करायचा नवऱ्याच्याच वरिष्ठांकडे. आम्ही इंग्रजीत अर्ज लिहिला, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला जोडला. पलटण हलली होती, पत्र परत आलं. पुन्हा पाठवलं. उत्तर आलं, की संबंधिताला समेटाचा सल्ला देण्यात आला आहे. तिसऱ्या अर्जानंतर, दीड वर्षाने, कपात सुरू झाली.

जप्तीपासून संरक्षण देण्यामागचं कारण मला कळतं. सीमेवरच्या माणसाला सावकाराने कोर्टात खेचू नये, हे योग्यच. पण बायको आणि लेकरू म्हणजे सावकार का? त्यांची भाकरी आणि सावकाराचं व्याज कायद्याने एकाच दाराबाहेर उभं केलं आहे.

या कोड्यात आमच्या गावांनाही गुंतवलं जातं, त्याचा मला विशेष राग आहे. लष्करात स्त्री अधिकारी १९९२ पासून घेतल्या जाऊ लागल्या. पण कायम कमिशन आणि नेतृत्वाच्या जागा यांसाठी त्यांना न्यायालयात भांडावं लागलं. तेव्हा सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आलं, की जवान बहुतांश ग्रामीण भागातून येतात आणि स्त्रीचं नेतृत्व स्वीकारायला त्यांची मनं तयार नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. पण आम्ही ग्रामीण बायका विचारतो, ही आमची पोरं तुमच्याकडे येतात तेव्हा त्यांना तुम्ही चालायला, बोलायला, झोपायला, जेवायला नव्याने शिकवता. बंदुकीच्या गोळीसमोर उभं राहायला शिकवता. मग बाईचा हुकूम ऐकायला तेवढं शिकवता येत नाही? दिराशी लग्नाचा नियम दिल्लीत लिहिला गेला, आमच्या पारावर नव्हे. मागासलेपणाचं गाठोडं मात्र आमच्या डोक्यावर.

देवाला प्रश्न विचारायचा नसतो, याची सगळ्यात मोठी किंमत आमच्या घरांनी मोजलेली नाही, ती दुसऱ्याच बायकांनी मोजली आहे. हे लिहिताना मला जड जातं, कारण तिकडे नेमणुकीवर आमचेच भाऊ जातात. १० जुलै २००४ च्या रात्री मणिपूरमध्ये आसाम रायफल्सच्या लोकांनी थांगजम मनोरमाला घरातून नेलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या घातलेला तिचा देह सापडला. १५ जुलैला इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा जणी विवस्त्र उभ्या राहिल्या. त्या पोक्त बायका होत्या, कुणाच्या आया, कुणाच्या आज्या. १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्या कायद्याखालच्या कृतीसाठी जवानावर खटला भरता येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने स्पष्ट सांगितलं, की लैंगिक अत्याचाराला अशी ढाल नको, तो साध्या फौजदारी कायद्याखालीच चालला पाहिजे. त्या वर्षी बलात्काराचा कायदा बदलला. कलम ६ जागच्या जागी राहिलं. माझ्या वहिनीची शाल आणि त्या बायकांनी उतरवलेले कपडे यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं मी म्हणते तेव्हा माझेच नातेवाईक माझ्याशी बोलणं टाकतात. पण वर्दी म्हणजे पूजेची वस्तू असं ठरवलं, की तिच्याखाली आलेल्या बाईची तक्रार हा देवाचा अपमान होतो. मग ती बाई मणिपूरची असो की माझ्या सल्ला केंद्रातली.

आणि पूजा तरी कुठवर? बाई गप्प असेल तोवर. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला नौदलाचा एक तरुण अधिकारी मारला गेला. लग्नाला आठवडा झालेला. नवऱ्याच्या देहाजवळ बसलेल्या त्या मुलीचं छायाचित्र देशभर फिरलं, सगळे हळहळले. थोड्याच दिवसांत ती म्हणाली, की मुसलमानांवर, काश्मिरींवर राग काढू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. त्याच लोकांनी तिच्यावर इतकी घाण ओतली, की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. त्याआधी २०२४ मध्ये एका कॅप्टनच्या विधवेने राष्ट्रपती भवनात पदक स्वीकारलं, तर तिच्या रूपावर गलिच्छ शेरे मारले गेले. पुढे सासू-सासऱ्यांनी वारसाचा नियमच बदलण्याची जाहीर मागणी केली. म्हाताऱ्या आई-बापांची सोय झाली पाहिजे, यात मला शंका नाही. त्यासाठी सरकारने वेगळी तरतूद करावी. सुनेच्या ताटातलं काढून सासूच्या ताटात वाढायचं आणि दोघींना भांडायला लावायचं, हा खेळ आपण ओळखतो.

तू फौजीची पोर असून असं लिहितेस, हे मला विचारलं जाणार आहे. होय, म्हणूनच लिहिते. जवानाचं मोल मला शाल देणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्या घरातला कुणी भरतीच्या मैदानावर पहाटे चारला पळताना मी पाहिलेला नाही.

पण एक बोट आपल्याकडेही वळवते. आपल्या चळवळीने हा विषय दोनच तऱ्हांनी हाताळला. एक तर युद्धविरोधी ठराव करून मोकळ्या झालो, नाही तर रक्षाबंधनाला सीमेवर राख्या पाठवल्या. फौजीच्या बायकोशी बसून बोललो नाही. आपल्या केंद्रात 'फौजीची केस' आली, की वर्षानुवर्षं फाईल खाली सरकते, कारण त्यांचे कायदे आपल्याला ठाऊक नाहीत. हा आपला आळस आहे. आणि आता वेळ थोडा आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, पंचवीस टक्केच पुढे कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. अग्निवीर नोकरीत असताना गेला तर विम्याची आणि सानुग्रह रक्कम एकदम मिळते, पण नेहमीच्या जवानाच्या विधवेसारखी दरमहा कुटुंबपेन्शन नाही. ती एकरकमी रक्कम दारात येईल तेव्हा बावीस वर्षांच्या मुलीभोवती कोणकोण बसलेलं असेल, हे आम्हाला १९९७ पासून माहीत आहे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या शब्दांत मांडू या. अग्निवीराच्या विधवेला दरमहा पेन्शन द्या. विधवेच्या कुठल्याही हक्काला तिच्या लग्नाची अट लावू नका, पुनर्विवाह न केल्याचा दाखला बंद करा. पोटगीच्या हुकमाला कलम २८ मधून वगळा, आणि लष्कराकडच्या अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत लागू द्या. लैंगिक अत्याचाराच्या खटल्याला वर्दीची ढाल नको. आणि आपण आपल्यापुरतं एवढं करू या, की प्रत्येक केंद्रात या कायद्यांची मराठी टिपणं ठेवू, आणि सत्काराच्या रांगेत बसणाऱ्या बायकांची एक बैठक तरी घेऊ, जिथे त्या बोलतील आणि आपण ऐकू.

आमच्या तालुक्यात आम्ही अशी पहिली बैठक घेतली. चौदा जणी आल्या. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मग वहिनी उठली. घरातून येताना तिने पिशवीत सगळ्या वर्षांच्या शाली भरून आणल्या होत्या. त्या तिने सतरंजीवर ओतल्या आणि म्हणाली, "ह्या अठरा हायती. थंडीला एक पुरती. बाकीच्याचं काय करायचं ते सांगा, आन् माझी वीस वर्सं कुणाकडं मागायची त्ये बी सांगा."